गोड्या पाण्याची तिथी

भात कापून झालं की डहाणूत वाऱ्याची पाळी बदलते. पहाटे तो आशागडच्या बाजूने येतो. कापलेल्या शेतांचा, ओल्या पेंढ्याचा आणि कुणीतरी पेटवलेल्या पाल्याचा वास त्याला असतो. अकराच्या सुमारास तो थांबतो, आणि अर्धा तास झाडाचं पान हलत नाही. मग समुद्राकडून वारा सुटतो, त्याला सुकत घातलेल्या बोंबलांचा वास असतो. दिवाळीनंतरचे दोनेक महिने हे असंच चालतं. या दिवसांत ओहोळाचं पाणी निवळतं, तळाची वाळू दिसू लागते, आणि फोनवर निरोप येतो : रविवार. सकाळी सात. पुलाखाली. पाण्याची बाटली आणावी.

तीन हिवाळ्यांपूर्वी हा निरोप पहिल्यांदा आला. तेव्हापासून त्यातला एक शब्द बदललेला नाही.

गावातून जाणाऱ्या या पाण्याला बाजारपेठेतले लोक नाला म्हणतात. खालच्या पाड्यावर त्याला ओहोळ म्हणतात. आमच्या साफसफाईच्या गटाने पहिल्याच बैठकीत त्याला नदी म्हणायचं ठरवलं. नदी म्हटलं की लोक कचरा टाकताना विचार करतील, असं म्हात्रेसरांचं मत होतं. सर निवृत्त झालेले, भूगोलाचे शिक्षक. गावातल्या निम्म्या दुकानदारांना त्यांनी नकाशा भरायला शिकवलं आहे. पैकी एक हसमुखभाई. त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान. फावडी, घमेली, हातमोजे त्यांनी दिले. मी बातमी करायला गेलो होतो. दुसऱ्या रविवारपासून मीही घमेलं उचलू लागलो.

त्या पहिल्या रविवारांबद्दल वाईट लिहिता येत नाही. माणसं खरोखर गुडघाभर गाळात उतरली. चिकूच्या खोक्यांच्या फळ्या निघाल्या, मूर्तींचे लाकडी सांगाडे निघाले, एक अख्खी गादी निघाली. ती बाहेर ओढायला सहा जण लागले. हसमुखभाईंना त्यांच्याच दुकानाचं नाव छापलेल्या पिशव्या सापडल्या, एक नाही, बऱ्याच.

"सर, बघा," ते पिशवी झटकत म्हणाले, "माझी जाहिरात कुठपर्यंत पोचली!"

"यापुढे कापडी द्या," सर म्हणाले.

"देईन की. गिऱ्हाईक घरून आणेल तर!"

काम संपलं की पुलाच्या कठड्यावर चहा व्हायचा. अंगाला गाळाचा वास आणि वरून ऊन. तिसऱ्या रविवारी पुलाखालच्या तारेवर खंड्या येऊन बसला. सरांनी सगळ्यांना हाताने गप्प केलं. वीसेक मोठी माणसं श्वास धरून एका पक्ष्याकडे पाहत उभी होती. तसं दृश्य बातमीदारीत फार वेळा मिळत नाही.

पुलापासून दोनेकशे पावलं खाली ओहोळ वळतो आणि त्या वळणावर डोह आहे. डोहाच्या पुढे तिवरं सुरू होतात, म्हणजे खाडी. डोहाच्या काठावर, करंजाच्या झाडांमागे रमीबायचे वाफे होते. रमीबाय पन्नाशीच्या पुढची, पाड्यावरचीच. वांगी, मुळा, माठ, मिरची आणि कडेने वालाचे वेल. पाणी डोहाचं. शहराचं सांडपाणी त्यात मिसळायचं, पण वांग्यांची तक्रार नव्हती. सकाळ-संध्याकाळ ती हंड्याने पाणी घालायची आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजारात बसायची. दिवाळीपासून होळीपर्यंत तिला दुसऱ्याच्या वाडीत चिकू वेचायला जावं लागत नसे. डोहाचं पाणी गोडं राहिलं तर ती स्वतःच्या वाफ्यात, खारं झालं तर दुसऱ्याच्या वाडीत. तिच्यासाठी त्या ओहोळाचा अर्थ एवढाच होता, आणि तो पुरेसा होता.

पाणी गोडं राहायचं ते बांधामुळे. हे मला नंतर कळलं, पण इथेच सांगितलेलं बरं. दरवर्षी दिवाळीनंतरच्या अष्टमीला पाडा हा बांध घालत असे. अष्टमीच्या आसपास भरती मंद असते, पाणी फार चढत नाही. त्याला इथे भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेला चढतं ते उधाण. भांगाच्या दिवशी खाडीचं पाणी खाली असताना प्रत्येक घरातून एक माणूस यायचा. ताडाचं खोड आडवं टाकायचं, त्यावर पेंढा, पेंढ्यावर चिखल, पुन्हा पेंढा. अलीकडे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून त्याही लावत. वरून येणारं जादा पाणी जाण्यापुरतं मधे एक तोंड ठेवायचं, तेही उधाणाच्या रेषेच्या वर. कार्तिकात ओहोळ अजून जोरात असतो, आठ दिवसांत डोह भरून येतो. पुढे वरून बोटाएवढी धार उरते. म्हणजे डोह भरायची वेळ वर्षातून एकदाच येते. पावसाळ्यात पूर येऊन बांध आपोआप मोडतो. तो कुणी काढत नाही.

त्या वर्षी आम्ही काढला.

चौथा रविवार होता. आम्ही वळणापर्यंत पोचलो तर समोर ओहोळाच्या आडवा चिखलाचा ढीग. त्यातून पेंढा बाहेर आलेला, गोण्यांची फाटकी टोकं लोंबत होती, मागे पाणी तुंबलेलं. तीन आठवडे आम्ही जे उपसत होतो त्याच सगळ्याचा तो मोठा साठा दिसत होता. सरांनी फावडं टेकवलं आणि म्हणाले, "हे मूळ."

पाड्यावरचे लोक कामाला गेले होते. वाड्यांना रविवार नसतो. रमीबाय तेवढी हंडा घेऊन आली.

"काय करता सर?"

"साफसफाई. तुमचीच नदी साफ करतोय, बाय."

"तो नका काढू. आमी घातलाय."

"घातलाय ते दिसतंय ना, बेन," हसमुखभाई म्हणाले. "म्हणून तर काढायला आलो."

काही जण हसले. ती हसली नाही. "खारा पानी येल वर."

"खारं पाणी इथपर्यंत येत नाही," सर म्हणाले. आवाज मऊ होता, वर्गातला. "मी तीस वर्षं थंडीत रोज त्या पुलावरून फिरायला जातो. भरती तिवरांच्या पुढे सरकत नाही. आणि नदी वाहती पाहिजे, बाय. अडलेलं पाणी कुजतं."

"वाहते ना पावसात. चार महिने वाहते. आता बसू द्या तिला."

"मी मुलांना भूगोल शिकवलाय, बाय."

"हां सर," रमीबाय म्हणाली आणि हंडा घेऊन परत गेली.

सर खोटं बोलत नव्हते. तीस हिवाळे त्यांनी पुलावरून पाहिलं होतं आणि भरती तिवरांच्या पुढे आली नव्हती. ती का आली नव्हती, ते त्यांच्या फावड्याखाली होतं.

बांध तीन तासांत गेला. शेवटचं खोड सुटलं तेव्हा डोह एकदम बाहेर धावला. चिखलाचा रंग, फेस, आवाज. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाणी मोकळं होताना पाहून टाळी वाजवावीशी वाटते, मलाही वाटली. डोह कमरेइतका होता तो घोट्याइतका झाला. मासे वाळूवर उडत होते. रमीबाय परत आली होती. ती चिखलातून रिकाम्या गोण्या ओढून काढत होती, झटकत होती, घडी घालून बाजूला ठेवत होती. हसमुखभाईंना वाटलं, तीही कामाला लागली. त्यांनी हातमोज्यांचा नवा जोड तिच्या हातात दिला.

"घाला बेन, हात खराब होतील."

तिने मोजे गोणीच्या घडीत ठेवले. कुणीतरी फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी माझी बातमी आली. त्यात एक वाक्य होतं : 'या कामात स्थानिक महिलांनीही हातभार लावला.' वहीत मी लिहिलं होतं, 'खारा पानी येल वर', आणि पुढे वेळ. जागा कमी होती, हे एक कारण. दुसरं असं की ते वाक्य त्या बातमीत बसत नव्हतं.

अमावास्या पुढच्याच आठवड्यात होती. त्या दिवशी दुपारी सरावलीहून परतताना मी पुलावर थांबलो. उधाणाची भरती आमच्या किनाऱ्याला भर दुपारी येते. बाराच्या थोडं आधी तिवरांतून पाणी पुढे आलं. आवाज नव्हता. ओहोळाचं पाणी थांबलं, जरा वेळ जागच्या जागी फिरलं, आणि मग उलट चालू लागलं. पुढे फेसाची एक मळकट रेघ, तिच्यामागे खाडीचं जड हिरवट पाणी. त्याच्याबरोबर बोय मासे आले, पाण्याबाहेर उड्या मारत. डोह तासाभरात काठोकाठ भरला. इतका भरलेला तो मी पाहिला नव्हता. दिसायला सुंदर होता.

रमीबायने आदल्या दिवशीच तळातलं उरलंसुरलं पाणी वाफ्यांना घालून घेतलं होतं. त्यानंतर तिच्याकडे घालायला काही नव्हतं. चार दिवस ती हंडे घेऊन रस्त्यावरच्या नळावर गेली, तिथे रांग असायची. पौर्णिमेच्या उधाणाला पाणी वाफ्यांतच शिरलं. मुळ्याची पानं आधी कडेने तपकिरी झाली, मग वालाची. मिरची सगळ्यात शेवटी गेली. मी विचारलं, बांध पुन्हा नाही का घालता येणार?

"आता घालून काय," ती म्हणाली. "वरचा पानी कुठाय? खाराच धरून ठेवायचा का?"

त्याच महिन्यात ती सकाळच्या टेम्पोतून चिकूच्या वाडीत जाऊ लागली. वाफ्यांवर पांढरी बुरशी आल्यासारखं मीठ फुललं. ही बातमी लिहिली गेली नाही. म्हणजे मी लिहिली नाही.

गटाचं नाव मात्र झालं. वरच्या भागातलं काम खरंच चांगलं होतं, पुलाखालचं पाणी आजही वाहतं. बाहेरून बोलावणी येऊ लागली. गेल्या उन्हाळ्यात तलासरी तालुक्यात, उधव्याला सरांचं व्याख्यान होतं. शाळेचा हॉल, पंखे, पडद्यावर चित्रं. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. 'आधी'च्या चित्रात तो ढीग होता आणि कोपऱ्यात हंडा घेऊन उभी असलेली रमीबाय. सरांनी माझ्या बातमीतलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं : स्थानिक महिलांनीही हातभार लावला. त्यांचा त्यावर विश्वास होता. छापून आलं होतं.

मागच्या रांगेतून एक शेतकरी उठला. उभं राहूनही तो फार उंच झाला नाही.

"सर, ते डावीकडचं परत दाखवा."

सरांनी दाखवलं.

"हा कचरा नाय. हा बांध हाय. मधे तोंड ठेवलाय बघा. आमी पण घालतो असा, वालाला पानी लागते ना." मग त्याने जरा थांबून विचारलं, "तुमी फोडला?"

हॉलमध्ये हशा झाला. त्यात दुष्टपणा नव्हता, शहाण्या माणसाला ठेच लागली की होतो तसा होता. सरांनी पडद्याकडे पाठ केली नाही. ते त्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिले. परतीच्या वाटेवर गावाच्या अलीकडे सरांनी मला विचारलं, "ती खारं पाणी म्हणाली होती, नाही का?" मी हो म्हटलं. "तू पाहिलंस?" मी हो म्हटलं.

हा हिवाळा त्या प्रश्नापासून सुरू होतो. दिवाळी झाल्यावर सर पाड्यावर गेले, मला बरोबर नेलं. रमीबाय अंगणात भात पाखडत होती.

"बाय, तेव्हा चुकलं माझं."

"बसा सर," ती म्हणाली. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"बांध पुन्हा घालू या. आमची माणसं, आमचं सामान. कुठे आणि कसा, ते तुम्ही सांगायचं."

आता तिने सूप ठेवलं. बांध पाड्याने स्वतः का नाही घातला, हे तिने न विचारता सांगितलं. घराघरातली माणसं आता सकाळी जीपमधून वापीला, उंबरगावला कंपनीत जातात. एक दिवस खाडा झाला की दुसऱ्याला घेतात. अष्टमीला घरटी एक माणूस आता कुठून यायचा? तीन पावसाळ्यांत वाफ्यांतलं मीठ मात्र धुऊन गेलं होतं. तिने माती चाखून पाहिली होती.

"आठमीला घाला. सोमवारी हाय," ती म्हणाली. "भांगाचा दिस. खालचा तोंड मारायच्या आधी खारा सगळा बाहेर जाऊ द्या. एकदा आत खारा बसला, की तळाचा निघत नाय, साल गेला."

सरांनी वहीत लिहून घेतलं. निघताना मी मागे पाहिलं तर ती कोयता घेऊन करंजांकडे चालली होती. दुसऱ्या दिवसापासून तिने चिकूच्या वाडीला जाणं बंद केलं, वाफे खणले, मुळा-माठ पेरला, वांग्याची रोपं आणून लावली. सरांच्या शब्दावर.

सोमवार गटाला जमण्यासारखा नव्हता. कुणाची शाळा, कुणाचं बँकेतलं काम, हसमुखभाईंचं दुकान. फोनवरच्या चर्चेत सरांनी तीनदा लिहिलं, अष्टमी महत्त्वाची आहे. उत्तरं सभ्य होती. सोमवारी पाच जण येतील सर, रविवारी तीस येतील. शेवटी रविवार ठरला. तिथी चतुर्दशी. सरांनी भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून वेळ काढली. पहाटे पाणी उतरलेलं असेल, नऊच्या आत तोंड बंद केलं तर चालेल, पूर्ण भरती अकरानंतरची. हिशेब बरोबर होता.

गेल्या रविवारी निरोपातल्या सातच्या तासभर आधीच, सहा वाजता सगळे हजर होते. असं काम मी या गटाकडून आधी पाहिलं नव्हतं. नव्या गोण्या, चाळलेली माती, दगडांची दुहेरी रांग. रमीबाय खाली उभं राहून सांगत होती, इथे दाबा, इथे पेंढा घाला, आणि तीस माणसं ऐकत होती. साडेआठला बांध तयार झाला. मधलं, तळाशी ठेवलेलं एका गोणीचं तोंड उरलं होतं. ती गोण एका खुर्चीवर ठेवून तिला झेंडूचा हार घातलेला होता. शेवटची गोण गटाने बोलावलेल्या पाहुण्यांच्या हस्ते लागायची होती.

"नऊ वाजले," सर म्हणाले. "मारू या तोंड."

"निघालेत सर, बोलणं झालं आत्ताच," हसमुखभाई म्हणाले. "पाच मिनिटं. त्यांना नारळ फोडायला नुसतं उभं करायचं का?"

साडेनऊला ते पुन्हा निघालेले होते. दहाला पाणी तिवरांतून पुढे आलं आणि त्या गोणीभर जागेतून आत जाऊ लागलं. सर हाराची गोण उचलायला गेले. दोघांनी त्यांना हसत हसत धरलं, सर काय हे, एवढं केलंय तर. सरांनी घड्याळ पाहिलं. मग ते खुर्चीशेजारी उभे राहिले. रमीबायने तिकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी वहीत वेळ लिहिली.

पाहुणे सव्वाअकराला आले. वाहतुकीबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. नारळ फुटला. गोण तोंडावर बसली, वरून दोन दगड दाबले. बांध कुठेही झिरपत नव्हता. मागे डोह काठोकाठ भरलेला होता आणि त्यात करंजाची सावली पडली होती. टाळ्या थांबेनात.

"बघा बेन, भरला तुमचा डोह!" हसमुखभाई म्हणाले. त्यांचे डोळे ओले झाले होते, आणि ते खरं होतं. "पहिला हंडा तुम्ही भरा. फोटो काढतो."

रमीबायने हंडा भरला, कमरेवर घेतला, सांगितलं तिकडे पाहिलं. फोटो झाला. पाहुण्यांबरोबर दुसरा झाला. मग लोक चहाकडे वळले. ती हंडा तसाच घेऊन वाफ्यांच्या कडेने गेली, रोपांवर थेंब पडू नये म्हणून दुसऱ्या हाताने तोंड झाकून. बांधावर चढली, आणि सगळं पाणी खाडीच्या बाजूला ओतून दिलं.